एक्केचाळीस नंबरची पुडी

वाचता येतं मला, साहेब. सावकाश येतं, बोट ठेवून येतं, पण येतं. ‘मी, काचघरातील पाणीवाला, लिहून देतो की एक्केचाळीस नंबरच्या गव्हाचे बियाणे भांडारातून आले तसेच पेरण्यात आले, पाणी नियमाप्रमाणे राखण्यात आले, माझ्याकडून कोणतीही चूक झालेली नाही’ — आणि खाली सही. वा! मी काय बोलणार ते तुम्हीच टाइप करून आणलंत, म्हणजे मला तोंड उघडायचेसुद्धा कष्ट नकोत. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय, चार वर्षं सांगतोय, ऐकतंय कोण? त्या पालथ्या टबावर बसा. वाळलेला चिखल आहे, झटकला की जातो. काल तीसुद्धा तिथंच बसली होती — ती म्हणजे तुमच्या त्या चौकशीतली बाई हो. तुमच्या कागदात तिच्या नावाआधी डॉक्टर असेल, आम्ही इथं सगळे तिला मुळंबाई म्हणतो. बघावं तेव्हा नळाखाली मुळं धूत उभी. एवढ्या शिकलेल्या बाईनं रबरी बूट घालून चिखल तुडवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. बाकीचे येतात, दारातून डोकावतात, नाकाला रुमाल लावतात, की चालले. तुम्हीपण लावा, लावायचा तर. कुजकं पाणी आहे, वास मारणारच. आणि मी जरा तडकून बोलतोय तर मनावर घेऊ नका, आज सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. का नाही ते नंतर सांगतो. किंवा नाही सांगत.

काय? पाणी नियमाप्रमाणे होतं का? हे मला विचारताय? सव्वीस वर्षं या काचघरात पाणी भरतोय मी! हे एवढे टब दिसतायत ना, प्रत्येकाच्या बुडाला बूच आहे. काढलं की पाणी निथळतं, बसवलं की तुंबतं. रोप तीन पानांवर आलं की बूच बसवायचं आणि पाणी मातीच्या वर दोन बोटं आणून ठेवायचं. चौदा दिवस. दोन बोटं म्हणजे दोन बोटं — दीड नाही, अडीच नाही. पट्टी दिलीय त्यांनी, तिकडे खिळ्याला टांगलीय बघा, मी हात लावत नाही तिला, माझी बोटं तिच्यापेक्षा जुनी आहेत. आणि पाणी बदलायचं नाही! वास सुटला, फेस आला, वर तेलकट तवंग आला, तरी नाही बदलायचं. का? तर ताज्या पाण्यात हवा असते, मुळं ती ओढून घेतात, मग बुडवलं काय नि न बुडवलं काय? आटलं असेल तेवढंच वरून घालायचं, कडेकडेनं, धार न पाडता, तान्ह्या पोराला चमच्यानं पाजतात तसं. मागे एक नवा गडी ठेवला होता माझ्या हाताखाली, स्वच्छतेचं भारी वेड त्याला, रोज पाणी बदलायचा — रोपं सगळी टवटवीत आणि सगळं वर्ष पाण्यात! तेव्हा पाण्यात माझी चूक शोधू नका. पाण्यात नाही सापडणार.

बरं, तुम्हाला तरी माहीत आहे का, पाणी तुंबलं की रोपाचं काय होतं? फाइल वाचून आलात. फाइलमध्ये आकडे असतात. मला तिनं दाखवलंय. लोकांना वाटतं मुळं पाण्यानं मरतात — पाण्यानं नाही मरत, गुदमरून मरतात, श्वास लागतो त्यांना. ती सांगायची, काका, मुळाच्या प्रत्येक पेशीत एक पहारेकरी असतो. सारखा जन्माला येतो आणि सारखा मारला जातो. हवा आहे ना, तोवर ती हवाच त्याला जगू देत नाही, कारण त्याचं कामच नाही. पण हवा बंद झाली की त्याला मारणारं कोणी उरत नाही. मग तो जगतो, आणि धावत आतल्या खोलीत जातो, रोपाची सगळी जनुकं ठेवलेली असतात तिथं, आणि एकेक कुलूप काढत सुटतो — हे उघडा, ते बंद करा, साखर जपून वापरा, वरच्या अंगाला नवी मुळं सोडा. आणि मुळाच्या आत — हे मी स्वतः भिंगातून पाहिलंय, या डोळ्यांनी — काही पेशी आपणहून मरतात. मरून जागा करून देतात. त्या जागेची नळी होते, आणि पानातली हवा त्या नळीनं खाली टोकापर्यंत उतरते. मी म्हटलं, म्हणजे घरातली चार माणसं मेली म्हणून बाकीच्यांना श्वास मिळाला? ती म्हणाली, हो काका, तसंच. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हसा, हसा. तुम्ही ते भिंगातून पाहिलेलं नाही.

आणि काम कसं करायची, तेही ऐका, आता आलाच आहात तर. मूळ पाण्यातून वर काढलं की त्याला हवा लागते, हवा लागली की तो पहारेकरी मरायला लागतो, मग मोजायचं काय? म्हणून मी मोठ्यानं आकडे म्हणायचो — एक, दोन, तीन — ती मूळ कापायची आणि दहाच्या आत त्या धूर निघणाऱ्या थंडगार पिंपात टाकायची. दहाच्या वर गेलं की ते मूळ कचऱ्यात. एकदा अकरा झाले. चौदा दिवस राखलेलं रोप, साहेब, आणि तिनं मूळ फेकलं! मी म्हटलं, बाई, अकराच तर झालेत, कोणाला कळतंय? तर म्हणाली, मला कळतंय. बोला! अकराला मूळ फेकणारी बाई घरी बसून मनाचे आकडे लिहील? तुमच्या त्या समितीत एकाला तरी दहापर्यंत मोजायला लावा कोणीतरी.

नाही, मी ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे.

तुमचं म्हणणं काय, ते मीच सांगतो, तुम्हाला बोलायची सवय दिसत नाही. पहिल्या वर्षी एक्केचाळीस बुडवला, मेला. चाळीस रोपांतली पाच उरली, तीही रडतखडत. दुसऱ्या वर्षी तोच एक्केचाळीस, तेच पाणी, तेच चौदा दिवस — आणि पठ्ठ्या उभा! शेजारचे टब पिवळे पडून आडवे झालेले, आणि हा हिरवागार. मुळं तपासली तर बाकीच्यांना जी कुलपं काढायला अख्खा दिवस लागतो, ती यानं तीन तासांत काढलेली. मुळंबाई नाचली, साहेब. या इथं, या ओल्या फरशीवर, रबरी बुटांत. मला म्हणाली, काका, तुमच्या पाण्याचं यश आहे हे. मग तिनं लिहिलं, ते छापून आलं, मोठ्या साहेबांनी तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, तो वरच्या जिन्यात लावलाय. पुढे काय झालं? तीन ठिकाणच्या लोकांनी भांडारातून एक्केचाळीस मागवला, बुडवला, मेला. इथं यंदा तिनं पुन्हा पेरला — पुडी स्वतः फोडली, दाणे स्वतः टोचले — मेला. बुडवला मीच. आठव्या दिवसापासून ती सकाळी यायची, टबाजवळ उभी राहायची, पिवळी पानं मोजायची आणि जायची. मग तुम्ही मंडळी सरसावलात. मधल्या वर्षीची तिची जपून ठेवलेली पानं काढली, भांडारातलं बी काढलं, दोन्हीची जनुकं वाचली, म्हणे अक्षराला अक्षर जुळतंय. बी तेच, पाणी तेच, मग मधल्याच वर्षी रोप वेगळं कसं? म्हणजे बाई खोटारडी. झालं! आज तीन वाजता समिती बसणार, तिला घरी पाठवणार, आणि त्या निकालाला टेकू म्हणून माझी ही सही. आणि फोटोत शेजारी उभे राहिलेले मोठे साहेब आता म्हणतात, मला आधीपासून शंका होती! शंका होती तर दात काढून उभे कशाला राहिलात हो?

आणि अक्षराला अक्षर जुळलं याचं मोठं कौतुक! अहो, जुळणारच, त्याच्याच पोटचं ते —

काही नाही. पुढचं विचारा.

काही नाही म्हटलं ना. बी पुडीतूनच पेरलं. पुडीवर भांडाराचा शिक्का होता, निळा, गोल, तारखेसकट. शिक्का मी पाहिलाय, तिनं पाहिलाय. आता शिक्का पुडीवर असतो, दाण्यावर थोडाच असतो — पेन कशाला काढताय? ठेवा ते पेन खिशात. मी बोलतोय, लिहून देत नाहीये.

उंदीर. उंदीर झालेत इथं, हे पहिलं लिहा, लिहायचंच तर. सहा वेळा सांगितलं मी, खालची जाळी सडलीय, बदला. सहा वेळा! ती मुळंबाई इथं नवीन आली होती तेव्हाची गोष्ट, एका पुडीला उंदीर लागला. मोठे साहेब इथं आले, वीस माणसं जमवली आणि म्हणाले, या माणसापेक्षा उंदीर कामाचा, तो निदान रात्रभर जागा असतो. सगळे हसले. भांडारवाला तर पोट धरून हसला — तोच, जो मला जाळी देत नव्हता. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, साहेब, माझ्या लेकीचं लग्न झालेलं, आणि हातात ती फाटकी पुडी धरून उभा. हसली नाही ती एकटी. तिला विनोद कळला नसेल, नवीन होती. नाही — कळला होता. म्हणूनच हसली नाही.

त्या दिवसापासून पुड्या मी लोखंडी कपाटात ठेवतो. किल्ली माझ्या कडदोऱ्याला. दुसऱ्या वर्षी पेरणीच्या आदल्या दिवशी एकच पुडी बाहेर राहिली. घरची तापानं फणफणलेली, शेजारीण बोलवायला आली, मी तसाच निघालो, पुडी त्या फळीवर. एकच दिवस! सकाळी येऊन बघतो तर कोपरा कुरतडलेला, आत फोलपटं आणि लेंड्या. नेमका एक्केचाळीस. आता नियम काय? भांडारात जायचं, झालेलं सांगायचं, भांडारवाला चिठ्ठी लिहिणार, चिठ्ठीवर मोठ्या साहेबांची सही. म्हणजे पुन्हा वीस माणसं. नाही! मी म्हटलं, नाही. आणि माझ्याकडे होतं ना बी. एक्केचाळीसचंच होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं, माझ्या लेकीची शपथ.

कुठून म्हणजे? त्या पाच रोपांचं. पहिल्या वर्षी उरली होती ती. मुळं कापून झाली की राहिलेली रोपं उपटून खड्ड्यात जाळायची, असा इथला नियम. बाकी सगळं जाळलं मी. पण ती पाच — गुडघ्याएवढी, पिवळी, आणि तशातही ओंब्या टाकायला निघालेली. जो चौदा दिवस गुदमरून उभा राहिला त्याला मी काडी लावू? टब उचलून शेडच्या मागे ठेवले, बूच काढलं, आणि ओंब्या भरेपर्यंत राखले. दाणे झाले बारके, सुरकुतलेले, पण झाले. घरचीचा बटणांचा डबा घेतला, त्यात ठेवले. कशासाठी? कशासाठी नाही. माणूस ठेवतो असं काही. त्यातले निवडून पुडी भरली, कुरतडलेला कोपरा आत दुमडून चिकटवला, वर शिक्का होताच. तिनं दाणे तळहातावर घेतले, म्हणाली, जरा बारीक वाटतात, काका, भांडारातलंच ना? म्हटलं, हो. आणि मला मनातून काही वाटलं नाही, खोटं का सांगू! शुद्ध वाण आहे, आई तशी लेक, एका साच्यातली. त्याचंच बी त्याच्याच पुडीत भरलं, यात कुणाचं काय गेलं?

काय गेलं ते पुढच्या थंडीत कळलं. ती तिकडे मुळं धूत होती, माझ्याकडे पाठ करून, आणि आपली बोलत होती, ती बोलायची तसं. म्हणाली, काका, गंमत माहीत आहे का, कधी कधी अक्षरं तीच राहतात आणि नुसत्या खुणा बदलतात. पुस्तक तेच, पण कुठलं पान उघडायचं ते कुणीतरी आधीच दुमडून ठेवलेलं. आई एकदा गुदमरून जगली असेल ना, तर तिच्या पोटच्या दाण्यात ते पान दुमडलेलंच येऊ शकतं. मग पाणी आलं की त्याला शोधत बसावं लागत नाही. सगळं अजून नीट कळलेलं नाही, म्हणाली, पण असं दिसलंय लोकांना. माझ्या हातात झारी होती. कडेकडेनं घालायचं पाणी, ते मी भसकन टबाच्या मधोमध ओतलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं वळून पाहिलं, म्हणाली, काय झालं? म्हटलं, हात सटकला.

समजलं का तुम्हाला? तिला सापडलं ते खोटं नव्हतंच! तिला वाटलं त्याहून मोठं होतं. तिला वाटलं वाण चांगला आहे — वाण काही विशेष नव्हता, त्याची आई बुडून उठलेली होती. आणि ही एवढी गोष्ट इथं फक्त मला माहीत, चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला, आणि मी ती दाबून ठेवली. तेव्हाच सांगायचं होतं. तेव्हा ते छापून आलं होतं, फोटो लागला होता. मग म्हटलं, जाऊ दे. मग ते तीन ठिकाणचे लोक आले. मग म्हटलं, यंदा तिच्यासमोर पाण्यात तगतो की नाही बघू. उगवला आणि मेला, बुडवला मी, रोज दोन बोटं मोजून! त्या वेळीही डबा घरी फळीवर होता. काढावा आणि बदलावेत दाणे, असं आलं मनात. पण टोचले तिनं स्वतः.

काल आली. तुम्ही बसलात तिथंच बसली. म्हणाली, काका, शेवटचं विचारते, त्या वर्षीचं बी भांडारातलंच होतं ना? आणि मी, साहेब — मी म्हटलं, हो. काल! दुसऱ्यांदा! तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. ज्या बाईला अकरावा आकडा कळतो तिला हे कळणार नाही? मला वाटलं आता ओरडेल. ओरडायचं ना! मी ओरडलो असतो. ती म्हणाली, ठीक आहे, काका, तुम्हाला पाचच महिने राहिलेत ना निवृत्तीला. उठली, जाताना या टबात बोटं घालून पाणी मोजलं, बरोबर आहे म्हणाली, आणि गेली. मला सांगा, तुमच्या चौकशीत तिनं माझं नाव घेतलं? मान हलवू नका, तोंडानं सांगा. नाही घेतलं ना? मला माहीत होतं. हाच राग आहे माझा! घ्यायचं होतं नाव. कोणी सांगितलं होतं हिला माझी दया करायला?

घरची कालपासून बोलत नाही माझ्याशी. बोलत नाही म्हणजे भांडी बोलतात, ताट असं आपटते की शेजारी दचकावेत. काल संध्याकाळी मीच बरळलो तिच्याजवळ, की आज मुळंबाई विचारून गेली आणि मी पुन्हा हो म्हटलं. आज इथं येऊन पिशवी उघडली, तर जेवणाच्या डब्याच्या जागी हा. बटणांचा. हा बघा. म्हणून उपाशी आहे मी. तिच्या जिभेला धार आहेच, पण हे असलं बिनबोलता कापणं चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं तिनं. मी सकाळपासून या डब्याकडे बघतोय, डबा माझ्याकडे.

हलवू नका, दाणे आहेत आत. बासष्ट. मोजलेत. बटणं वेगळी बांधलीत चिंधीत.

द्या ते पेन. हो, आता द्या. समोर लिहिलंय त्यावर नाही करत मी सही, कागद पालथा करा. मागची बाजू कोरी आहे ना? धरा कोपरा, वारा आहे. थांबा. घाई करू नका — अक्षर मोठं येतं माझं, येऊ दे. बी... मी... बदललं. हं. आता सही. वाचता येतंय? बस, एवढंच. बाकीचं तोंडानं मी येऊन सांगेन तीन वाजता, वीस काय, दोनशे माणसं जमवा म्हणावं मोठ्या साहेबांना. हसायचं त्यांनी हसावं. आणि डबा तुमच्याकडे देणार नाही. तिच्या हातात देईन. तीस दाणे तिनं पेरायचे, भांडारातल्या तिसांशेजारी, समितीच्या डोळ्यांसमोर, आणि पाणी मी नाही भरणार, दुसरा ठेवा कोणीतरी, नाहीतर पुन्हा म्हणाल म्हाताऱ्यानं काहीतरी केलं. पट्टी आहे तिकडे खिळ्याला. ती वापरा.

काय? फाडून टाकू म्हणता? पाच महिन्यांचाच प्रश्न आहे म्हणता? माझे पाच महिने तुम्ही मोजू नका, साहेब. इथं मोजायचं काम माझं आहे.

उठा आता. पावणेतीन वाजलेत, तुमचे पाय तरुण आहेत, पुढे व्हा, मी येतो मागून. आणि दार घट्ट ओढून घ्या जाताना.

उंदीर येतात.